शिडीच्या पिनची चौथी आवृत्ती

आवृत्ती १
स्थिती: जुनी. कागदावर.

शिडी उघडते.

म्हणजे उघडायला हवी. घडीची शिडी असते तशी: दोन पाय, वर दोघांना जोडणारी बिजागरी, बिजागरीच्या पट्ट्यांना भोक आणि त्या भोकात पोलादाची पिन. शिडी उघडली की ‘टक्’ असा आवाज येतो. टक् म्हणजे चढा.

शिड्यांच्या या कारखान्याचे मालक म्हणजे काका. त्यांनी पिन कागदावर जेवढी जाड काढली तेवढंच भोक काढलं. कागदावर ते छान दिसतं. धातूत मात्र ती पिन आत जात नाही. त्यात पट्ट्यांना रंग मारतात, रंगालाही जाडी असते आणि ती भोकात शिरून बसते. हे काकांना कोणी सांगितलं नाही. काका रागीट होते म्हणून नव्हे, ते इतके मायाळू होते की तुमचं ड्रॉइंग चुकलंय म्हणायला कोणाची जीभच रेटेना.

मग लेथवर पिना कातणाऱ्या मावशी पिन केसभर बारीक कातू लागल्या. पट्ट्यांना भोक पाडून शेवटी सगळं जोडणारे फिटरमामा भोक केसभर मोठं पाडू लागले. मधल्या खोलीतले रंगारीदादा रंगाचा फवारा मारण्याआधी भोकात रबरी बूच बसवू लागले. तिघांनीही आपापल्या जागी, एकमेकांना न सांगता.

शिडी उघडायला लागली. टक्.

काकांना वाटलं, आपलं ड्रॉइंग उत्तम आहे. त्या समाधानातच ते गेले.


आवृत्ती २
स्थिती: मंजूर.

शिडी उघडते. स्क्रीनवर.

स्क्रीन पुतणीची. काकांच्या थोरल्या भावाची ही मुलगी, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आली आणि येताना एक सॉफ्टवेअर घेऊन आली. आता कारखाना चालवणाऱ्या काकूंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “माहेरपणाला आली असशील तर आराम कर. कामाला आली असशील तर पगार देईन आणि ओरडेनही.”

“ओरडा.”

“अगं, काहीतरी चूक तर कर आधी.”

पूर्वी इथे नवी शिडी करायची म्हणजे करायची, चढायचं, मोडायची, परत करायची. पुतणी हे सगळं खुर्चीत बसून करत होती. स्क्रीनवरच्या शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर तिने एक भलाथोरला माणूस एका पायावर उभा केला. बिजागरीचा कोपरा लाल झाला. ताण आला की सॉफ्टवेअर तो भाग लाल करतं. तिथे तिने थोडा धातू वाढवला. जिथे कधीच लाल होत नव्हतं तिथला धातू काढून टाकला. परत माणूस उभा केला. परत. तो बिचारा दिवसभर चढत-उतरत होता आणि त्याला घामही येत नव्हता. शेवटी जी शिडी उरली ती काकूंना एका हाताने उचलता येईल इतकी हलकी होती. जुनी शिडी उचलणं काकूंनी केव्हाच सोडलं होतं. त्याबद्दल त्या बोलत नसत, फक्त हाक मारून कोणाला तरी बोलावत.

पुतणीने रंगाची जाडीही मोजली होती. रंगासाठी भोकात जागा ठेवली, पिन फिरायलाही जागा ठेवली. हे तिने कोणाला मुद्दाम सांगितलं नाही, कारण ड्रॉइंगवर ते होतंच. वाचणाऱ्याला दिसलं असतं. इथे ड्रॉइंग कोणी वाचत नाही, हे तिला माहीत नव्हतं. इथे ड्रॉइंग नुसतं ओळखतात, रोज जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला मान वर न करता ओळखावं तसं.

नमुना तयार झाला.

नव्या शिडीवर पहिल्यांदा मालकाने चढायचं, अशी या कारखान्याची पद्धत. ज्यांनी-ज्यांनी शिडीला हात लावला असेल त्यांनी खाली तिचे पाय धरायचे, आणि मालकाने सामानाच्या खोलीतला दिवा बदलून खाली यायचं. दिवा गेलेला असो वा नसो.

काकूंनी पदर खोचला. खाली मावशी, मामा, रंगारीदादा आणि पुतणी. टक् झालं नाही. ‘टुक्’ असं काहीतरी झालं.

पहिली पायरी. दुसरी.

शिडी डुगडुगली. पडली नाही, मोडलीही नाही. नुसती डाव्या-उजव्या बाजूला झुलली, जागेवरून उठायचं की नाही हे न ठरलेल्या माणसासारखी.

काकू सावकाश उतरल्या. नवा दिवा पुतणीच्या हातात दिला.

“वरचा तसा चांगला चाललाय. कशाला बदला?” म्हणाल्या आणि ऑफिसकडे गेल्या.


आवृत्ती २
स्थिती: मंजूर. (पण)

ऑफिसबाहेरच्या बोळात एक शिडी उभी होती, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. बाहेरच्या एका कंपनीने नमुना म्हणून पाठवलेली. डिझाइन त्यांचं, तुम्ही फक्त बनवायचं.

“शुक्रवारी विक्रेते नवी शिडी बघायला येतायत,” काकू म्हणाल्या. “तेव्हा मी कुठल्यातरी शिडीवर उभी असेन. तुझ्या, नाहीतर या प्लास्टिकमधल्या. प्लास्टिकमधली घ्यायची ठरली तर ड्रॉइंगची खोली मी गोदामाला देणार, आणि मग तुला इथे काम उरणार नाही. तुला राग येऊ नये म्हणून आधीच सांगतेय.”

“नाही येणार राग.”

“येऊ दे गं. पण शुक्रवारनंतर.”


आवृत्ती २, सुटी करून

लेथजवळ:

“मावशी, पिन कशी कातली?”

“ड्रॉइंगप्रमाणे.”

“अगदी?”

“म्हणजे काय? अगदीच. ड्रॉइंगप्रमाणे, आणि वर जरा आपला हात.”

“हात म्हणजे?”

“केसभर कमी. ते काय विचारायचं? ते असतंच.”

“केसभर म्हणजे किती मायक्रॉन?”

“ते मला नाही माहीत. केसभर म्हणजे केसभर.”

“कोणाचा केस?”

“माझा. मामांचा घेतला असता, पण त्यांच्याकडे शिल्लक कुठाय?”

ड्रिलजवळ:

“ऐकलं मी ते.”

“मामा, तुम्ही भोक—”

“ड्रॉइंगप्रमाणे. वर एक झटका.”

“झटका कशाला?”

“रंग येतो ना आत. काकांच्या वेळेपासून आहे तो झटका. मावशींना काय, पिन कातली की झालं. रंगाचं सगळं मलाच बघावं लागतं.”

रंगाच्या खोलीत:

“दादा, तुम्ही तरी ड्रॉइंगप्रमाणे केलंत ना?”

“ताई, रंगाला कसलं ड्रॉइंग? रंग तो रंग.” रंगारीदादांनी खिशातून दोन रबरी बुचं काढून तळहातावर ठेवली. “फक्त ही लावतो. नाहीतर आत रंग जातो आणि मामांना त्रास होतो. त्यांना माहीत नाहीये हे. सांगू नका.”


आवृत्ती २, पुन्हा स्क्रीनवर

पुतणीने तयार पिन मोजली, तयार भोकं मोजली, भोकातला रंग मोजायला गेली तर तो नव्हताच. ही खरी मापं तिने सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि त्या भल्या माणसाला परत शिडीवर चढवलं.

शिडी डुगडुगली. काकूंच्या पायाखाली डुगडुगली होती अगदी तशी, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

तिला इतका आनंद झाला की ती तिघांना जेवणाच्या सुट्टीतून उठवून घेऊन आली. मामांच्या हातात डबा होता. एकाच स्क्रीनपुढे चौघं दाटीवाटीने उभी राहिली.

“हा कोण माणूस?” मावशींनी विचारलं.

“कोणी नाही. वजन आहे.”

“मिशा हव्या होत्या त्याला.”

“हे बघा. ही मावशींची पिन काढून ड्रॉइंगची घातली. थोडी सुधारली, बघा. आता मामांचा झटका काढला. आता दादांची बुचं काढली.”

शिडी हळूहळू झुलायची थांबली. टक्. स्क्रीनमधूनही तो आवाज आला. तेवढ्यासाठी पुतणीने मोबाइलवर जुन्या शिडीचा टक् रेकॉर्ड करून आत बसवला होता.

मग मामा रंगारीदादांकडे वळले. “तू बुचं लावायचास?”

“तुम्हाला त्रास नको म्हणून.”

“आणि मी तुझा रंग झेलायचा म्हणून भोकं मोठी करत बसलो होतो. सगळी हयात!”

“दोघांनाही कळत नव्हतं म्हणून तर मी पिन बारीक करत होते,” मावशी म्हणाल्या, आणि तिघंही अशी हसली की मामांच्या डब्याचं झाकण खाली पडून टेबलाखाली गडगडत गेलं.

“म्हणजे ताई,” रंगारीदादा म्हणाले, “तुम्ही रंग हिशेबात धरला होतात?”

“धरला होता.”

“मग बोलायचं ना!”

“ड्रॉइंगवर लिहिलंय.”

“ते हो, पण बोलायचं ना.”

ठरलं. उद्याचा नमुना अगदी ड्रॉइंगप्रमाणे करायचा. हात नाही, झटका नाही, बूच नाही. मावशींनी स्वतःच्या गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली आणि मामांनाही घ्यायला लावली.


आवृत्ती ३
स्थिती: मंजूर. बदलाचं कारण: (रिकामं)

संध्याकाळी पुतणी जिन्याने उतरत होती. लेथ बंद होता. मावशी मशीन पुसत होत्या आणि पुसता पुसता मशीनशीच बोलत होत्या. “म्हणे अगदी तेवढंच. अगं, आपल्याला तशी सवय तरी आहे का?”

पुतणी थांबली. परत वर गेली.

तिने विचार केला, तो असा: मावशींची शपथ खरी आहे, पण हात त्यांचं ऐकणार नाही. इतक्या वर्षांचा हात. उद्या पिन परत केसभर बारीक येणार, परवा शुक्रवार, बोळात प्लास्टिकमधली शिडी. मावशींना परत बजावायचं म्हणजे त्यांचा अपमान. त्यापेक्षा आपणच ड्रॉइंगवर पिन केसभर जाड दाखवली, तर मावशींनी बारीक केल्यावर ती बरोबर येईल. कोणालाच काही बोलायला नको.

सॉफ्टवेअरने विचारलं: बदलाचं कारण?

तिने ती चौकट रिकामी सोडली आणि ‘मंजूर’ दाबलं.

घरी जाताना तिला हलकं वाटत होतं, कोणावर तरी उपकार केल्यासारखं.


आवृत्ती ३, गुरुवारी

शिडी उघडत नाही.

मामांनी पिन भोकावर ठेवली, लाकडी हातोडीने ठोकली. अर्धी गेली. पुन्हा ठोकली. आता ती आतही जाईना आणि बाहेरही येईना. शिडी कात्रीसारखी अर्धवट पसरून टेबलावर पडून राहिली.

मावशी लेथ सोडून आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, सॉफ्टवेअरमध्ये कोपरा होतो तसा.

“मी सांगते, मी नाही केलं. मोजा. मोजा ना! ड्रॉइंगवर होती तेवढीच दिली. माझा हात शिवशिवत होता, पण नाही लावला. मन मारून दिली तशी. आणि हे बघा काय झालं!”

“मी पण झटका नाही दिला,” मामा म्हणाले.

“मी बुचं घरी ठेवून आलो,” रंगारीदादा म्हणाले. “बूच न लावता फवारा मारायचा म्हणजे झोपलेल्या माणसाच्या कानात पाणी ओतल्यासारखं वाटत होतं. तरी मारला.”

“मग तुमचं ते कॉम्प्युटर खोटं बोलतं,” मावशी पुतणीला म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. दुखावलेला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

काकू दारात उभ्या होत्या. केव्हापासून, ते कोणाला माहीत नव्हतं. हातात दिवा होता.

पुतणीला एक गोष्ट सोपी होती. हो म्हणायचं. कॉम्प्युटर चुकलं म्हणायचं. कॉम्प्युटरला काय, त्याला वाईट वाटत नाही. शुक्रवारी प्लास्टिक फाडलं जाईल, ड्रॉइंगची खोली गोदाम होईल, आणि मावशींना कधीच कळणार नाही की ज्या दिवशी त्यांनी शब्द पाळला त्याच दिवशी तिने त्यांच्यावर भरवसा ठेवला नाही.

“कॉम्प्युटर नाही,” ती म्हणाली. “मीच. मी काल संध्याकाळी पिन जाड केली. मला वाटलं तुम्ही बारीक कराल.”

“पण मी शपथ घेतली होती.”

“हो.”

“गळ्याला हात लावून.”

“हो, मावशी.”

मावशींनी अडकलेली पिन अंगठ्याने चाचपली. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

“केवढी जाड केलीस?”

“केसभर.”

“कोणाचा केस?”

पुतणीला हसू आलं आणि रडूही. दोन्ही तिने गिळलं. “तुमचाच.”

“बघा,” मावशी मामांना म्हणाल्या, “आता ही पण लागली आपल्यासारखं करायला. चौथा झटका.”

काकू आत आल्या. दिवा टेबलावर ठेवला. “तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये,” त्यांनी विचारलं, “हे लिहायला जागा असते का? मी असं असं केलंय म्हणून?”

“असते. ड्रॉइंगच्या खाली. कोणीही लिहू शकतं. सगळ्यांना दिसतं.”

“मग आजवर कोणी का नाही लिहिलं?”

“यांना कोणी दाखवलंच नाही.”

“दाखवायचं कोणी?”

“मी.”

“हं.” काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “पिन कातायला किती वेळ लागतो, मावशी?”

“पिन काय, चहा होईपर्यंत होते.”

“मग चहा टाकते मी. पण आधी सगळ्यांनी लिहायचं. आणि जे लिहिलं नाही ते कोणी करायचं नाही. चांगल्यासाठीसुद्धा नाही. चांगल्यासाठी तर अजिबातच नाही.”


आवृत्ती ४
स्थिती: प्रतीक्षेत. ड्रॉइंगखालच्या नोंदी:

पुतणी: पिनची जाडी परत दुसऱ्या आवृत्तीइतकी केली आहे. रंगाची जाडी भोकात धरलेली आहे. कारण: तिसऱ्या आवृत्तीत मी कोणाला न सांगता बदल केला होता.

लेथ: वाचलं. तेवढीच कातते. हाताला तेल आहे, स्क्रीन बोट ओळखत नाही, म्हणून मामा लिहितायत.

फिटर: मी लिहितोय. मावशी जे बोलल्या ते सगळं लिहिलेलं नाही.

लेथ: सगळं लिहा.

फिटर: भोक ड्रॉइंगप्रमाणे. झटका नाही. पण एक सांगायचं होतं. ड्रिलचं पातं जुनं झालं की भोक आपोआप थोडं मोठं येतं. हे कोणाला माहीत आहे का?

पुतणी: मला नव्हतं. पातं कधी बदललं?

फिटर: आत्ताच. विचारलं म्हणून.

रंग: बूच नाही. पण खालच्या पट्टीला फवारा जास्त बसतो कारण ती खाली लटकते. आधी कधी बोललो नव्हतो. उलटी टांगू का?

पुतणी: टांगा. आणि असं काही असेल तर बोलत जा, दादा.

रंग: बरं. अजून तीन आहेत. उद्या सांगतो.

काकू: चहा गार होतोय.

स्थिती: मंजूर.


शिडी उघडते.

शुक्रवारी सकाळी, विक्रेते यायच्या आत, सामानाच्या खोलीत. मामांनी दोन्ही पाय धरून ओढले. टक्. मामांनी मिटली, परत उघडली. टक्. तिसऱ्यांदा करायला निघाले तेव्हा मावशींनी त्यांच्या हातावर चापट मारली.

शिडी बोळातून खोलीत काकूंनी स्वतः आणली होती, एका हाताने. येताना प्लास्टिकमधल्या शिडीला वळसा घालावा लागला तेवढाच. कोणाला हाक मारली नाही. ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं आणि कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

चौघांनी पाय धरले. पुतणीने मागचा डावा. शिडीचा नवा रंग तिच्या बोटांना गुळगुळीत लागत होता.

पहिली पायरी. दुसरी. इथे काकू थांबल्या. कंबरेतून मुद्दाम डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या. शिडीने काही म्हटलं नाही.

तिसरी. चौथी. सगळ्यात वरची.

काकूंनी चांगला चाललेला दिवा काढून चांगला चालणारा दुसरा लावला. तरीही उतरेनात.

“काकू?” पुतणी खालून म्हणाली. “ठीक आहे ना?”

“शिडी ठीक आहे.” काकूंनी बाजूला बोट फिरवलं. “कपाटावर किती धूळ आहे गं! बोटभर. इतके दिवस दिसलीच नाही. कोणाचं काम आहे हे?”

चौघांनी आपापला पाय आणखी घट्ट धरला.

“बरं,” काकू म्हणाल्या आणि उतरायला लागल्या. “ती बोळातली शिडी परत पाठवून द्या. आणि प्लास्टिक काढू नका तिचं, तशीच जाऊ दे.”

विक्रेते आले, बघून गेले. पुतणी ड्रॉइंगच्या खोलीत जाऊन बसली. आता ती खोली ड्रॉइंगचीच राहणार होती, आणि तिला पहिल्यांदाच जाणवलं की तिच्या खिडकीतून लेथ, ड्रिल आणि रंगाच्या खोलीचं दार, तिन्ही एका नजरेत दिसतात. मधल्या सुट्टीनंतर स्क्रीनवर टिंग वाजलं. पिनच्या चौथ्या आवृत्तीखाली नव्या नोंदी आल्या होत्या.

रंग: कपाटावरची धूळ मी सकाळीच पुसली.

फिटर: तू पुसलीस? मी जेवायच्या आधी पुसली. तेव्हा स्वच्छच होतं, मला वाटलं काकूंना कमी दिसायला लागलंय.

लेथ: उद्यापासून कपाट मी पुसणार. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लिहिलंय, वाचा.